बदलीच्या गावांचे संगीत

दिवाळी अंकाच्या संपादकांनी भावंडांनी उभारलेल्या रॉक बँडवर लिहावे असे सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात स्कॉटलंडचे रीड बंधू किंवा मँचेस्टरचे गॅलाघर बंधू असावेत. माझ्या मनात मात्र तत्क्षणी उभे राहिले ते अजय आणि अतुल गोगावले. गिटार आणि ड्रमसेट ही रॉक संगीताची बाह्य चिन्हे होत. त्याचा प्राण शोधू गेल्यास तो एवढाच, की प्रस्थापित संगीताच्या दरबारातून ज्यांना कसलीही सनद मिळालेली नाही अशी चारदोन तरुण माणसे एकत्र येतात, हाताला लागेल त्या वाद्यावर आपल्याला ऐकू येणारा गजर उतरवतात, आणि तो इतक्या निर्धाराने वाजवतात की दरबाराला आपले दरवाजे उघडावे लागतात. या कसोटीला उतरणारे भाऊ मराठी मुलखात मला दुसरे दिसत नाहीत.

त्यांची जंत्री सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. अतुल यांचा जन्म 1974 चा, अजय यांचा 1976 चा. घरात संगीताची परंपरा नाही, रीतसर तालीम नाही. ‘विश्वविनायक’ या गणेशस्तवनांच्या ध्वनिमुद्रिकेत शंकर महादेवन आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्यासारखे गायक त्यांनी मिळविले आणि तेथून त्यांचे नाव होऊ लागले. पुढे 2004 चा ‘अगं बाई अरेच्चा!’, 2006 चा ‘जत्रा’, ‘जोगवा’, 2010 च्या पहिल्याच दिवशी प्रदर्शित झालेला ‘नटरंग’, हिंदीत 2012 चा ‘अग्निपथ’, आणि 29 एप्रिल 2016 रोजी आलेला ‘सैराट’. ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच चित्रपटातील ‘जीव रंगला’ या गीतासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल हे दोघेही राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले.

या जंत्रीपेक्षा मला अधिक ओढ लागली ती त्यांच्या वडिलांच्या नोकरीची. ते महसूल खात्यात होते. खाते बदलीचे, त्यामुळे बिऱ्हाड पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या गावी फिरत राहिले आणि मुलांच्या शाळा जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर अशा बदलत गेल्या. सरकारी हुकमाने होणाऱ्या बदलीत मुलांचे सवंगडी तुटतात, अभ्यासाची आबाळ होते, आणि आईला प्रत्येक वेळी नव्या गावी नवे किराणा दुकान शोधावे लागते, हे आपण सारे जाणतो. परंतु ज्याच्या कानाला नाद लागलेला आहे अशा मुलाला ही भ्रमंती काय देऊ शकते, याचा विचार आपण क्वचितच करतो. जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, जेथे पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या देण्यासाठी येतात. राजगुरुनगर ज्या खेड तालुक्याचे ठाणे आहे त्याच तालुक्यात आळंदी आहे आणि तेथे टाळ-मृदंगाला खळ नाही. या मुलखात गोंधळ्याचे संबळ आहे, वाघ्यामुरळीची दिमडी आहे, तुणतुणे आहे, वरातीपुढची हलगी आहे. एकाच गावी वाढलेल्या मुलाला आपल्या गावचा ठेका तेवढा पाठ होतो. बदलीच्या मुलाला चार गावांचे ठेके कळतात आणि त्यांच्यातला फरकही कळतो. ‘नटरंग’मधली ढोलकी आणि ‘जोगवा’तील जोगत्यांचा नाद ऐकताना मला सारखे वाटत राहते की हे संगीत ज्याने रचले त्याने ते आधी वर्षानुवर्षे दुरून, अंथरुणात पडल्या पडल्या, गावाच्या दुसऱ्या टोकाकडून येताना ऐकलेले आहे.

आणि येथे दोन भाऊ असण्याचे महत्त्व आहे. परकी माणसे बँडमध्ये एकत्र येतात तेव्हा प्रत्येकाचे पूर्वश्रवण निराळे असते, आणि मला काय म्हणावयाचे आहे हे समजावण्यातच त्यांचे अर्धे आयुष्य जाते. भावांना समजावावे लागत नाही. एकाने तोंडाने ठेका धरला की तो कोणत्या गावचा, कोणत्या जत्रेचा, हे दुसऱ्याला उमगते. आपल्या चित्रपटसंगीतात हे पूर्वीही घडले आहे. संगीतकार म्हणून ख्याती पावण्यापूर्वी कल्याणजी आणि आनंदजी हे भाऊ ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ या नावाने आपला वाद्यवृंद घेऊन कार्यक्रम करीत असत.

ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइड या गावातील जिम आणि विल्यम रीड यांचा वृत्तांत याच कारणाने मला आपल्या कथेच्या जवळचा वाटतो. वडिलांची कारखान्यातील नोकरी गेली. नुकसानभरपाईदाखल जी रक्कम हाती आली तिच्यातले तीनशे पौंड त्यांनी मुलांना दिले आणि त्यातून मुलांनी ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र विकत घेतले. हे यंत्र 1979 मध्ये बाजारात आले. त्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. आपल्या घरोघरी असे त्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात. दोन एका बाजूचे, दोन उलट बाजूचे. या यंत्राने चारही पट्टे एकाच दिशेने, दुप्पट वेगाने चालविण्याची तजवीज केली. पहिल्या पट्ट्यावर ताल मुद्रित करावा, तो कानाला लावून ऐकत दुसऱ्यावर गिटार घ्यावी, तिसऱ्यावर आवाज; पट्टे अपुरे पडले तर तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवावेत आणि मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा आरंभ करावा. निजण्याच्या खोलीत बसून दोन माणसांना अख्खा वाद्यवृंद होता येते ते असे. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते खरी. परंतु ज्यांना खरखरीचीच भीती नाही त्यांना ती काय अडविणार! 1985 च्या ‘सायकोकँडी’ या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मधुर चाली गिटारच्या कर्कश आक्रंदनात न्हाऊन निघाल्या आहेत. त्यांचा तालवादक बॉबी गिलेस्पी अवघे दोन ढोल घेऊन उभ्याने वाजवीत असे, आणि बास गिटारवर चाराऐवजी दोनच तारा असत. हे वाचताना वरातीपुढे उभ्याने वाजविणारा आपला वाजंत्री आणि एकाच तारेवर रात्र काढणारा तुणतुणेवाला ज्याला आठवणार नाही असा मराठी वाचक विरळा.

गोगावले बंधूंनाही वडिलांनीच कीबोर्ड आणून दिला. महसूल खात्यातल्या पगारात कीबोर्ड घेणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. स्कॉटलंडमधला तो कामगार आणि पुणे जिल्ह्यातला हा नोकरदार यांना आपण दिलेल्या यंत्रातून काय निघणार याची कल्पना असणे शक्य नव्हते; दोघांनीही मुलांच्या कानांवर भरवसा ठेवला.

त्या भरवशाचे दूरचे फळ म्हणजे ‘सैराट’. या चित्रपटातील गीतांसाठी पाश्चात्य वाद्यवृंदाचे मुद्रण लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाले, आणि भारतीय चित्रपटासाठी ते प्रथमच होत आहे असे तेव्हा जाहीर झाले. मेट्रो गोल्डविन मेयरच्या जमान्यातील हे दालन. 1939 च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’चे संगीत येथलेच. तेथे वादकापुढे स्वरलेखनाचा कागद असतो, त्यावर प्रत्येक स्वर, त्याची लांबी आणि त्याचा जोर नोंदलेला असतो, आणि कानातल्या यंत्रातून टक् टक् असा समान अंतराचा ठोका चालू राहतो. कागद आणि ठोका यांच्या शिस्तीत पन्नास-साठ माणसे एका श्वासाने वाजवितात. आपला हलगीवाला या दोहोंवाचून वाजवितो. त्याचे दप्तर त्याच्या मनगटात असते. मिरवणूक चढाला लागली की त्याची लय किंचित सैल होते, चौकात नाचणारे जमले की ती चढते, आणि ही चढउतर कोणत्याही कागदावर नोंदता येत नाही. या दोन्ही शिस्तींना एका गीतात नांदविणे, ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनांचा समुद्र उसळत असताना गाणे खेड्यातल्या पोराच्या तोंडचेच राहू देणे, हे या भावांचे खरे कर्तृत्व, असे माझे ठाम मत आहे. मुंबईच्या चित्रसृष्टीत स्वरलेखनाचा हा व्यवहार पूर्वी गोव्याच्या वादकांनी सांभाळला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये आपला स्वतंत्र सिंफनी वाद्यवृंदच उभारला. गोगावले बंधू त्याच परंपरेत येतात. फरक इतकाच की त्यांनी सोबत जत्राही आणली.

हे सारे मी अकोल्यात बसून लिहितो आहे, आणि अकोल्याला या संगीताशी स्वतःचे देणेघेणे आहे. हलगीला आमच्या वऱ्हाडात डफडे म्हणतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी भरून कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. गतवर्षी त्या गर्दीत रस्त्याच्या कडेला एक डफडेवाला मी बराच वेळ न्याहाळीत उभा राहिलो. लोखंडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून बसविलेले. श्रावणाच्या दमट हवेत ते कातडे ओलावा धरते आणि नाद बसतो. म्हणून त्याने कागद आणि मूठभर पऱ्हाटी पेटवून तिच्यावर डफडे धरले. ते एका जागी धरून चालत नाही, कातडे करपते. त्याने ते हळूहळू फिरविले, मध्येच अंगठ्याने टिचकी मारून कान लावला, पुन्हा फिरविले. “गार झालं का आवाज बसते, भाऊ,” एवढेच तो बोलला. मग डाव्या हाताची लांब बारीक काडी कडेवर आणि उजव्या हातातले आखूड जाड टिपरू मध्यावर पडू लागले, आणि काडीचा तडतडाट व टिपऱ्याचा दणका यांच्यात जो संवाद सुरू झाला तो छातीला ऐकू येत होता. ‘झुंड’ या 2022 च्या चित्रपटाची कथा नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांची, आणि संगीत याच भावांचे. त्यातला दणका विदर्भाच्या माणसाला परका वाटत नाही, कारण तो त्याच्या गल्लीतून गेलेला असतो.

तो डफडेवाला मात्र जास्त वेळ वाजवू शकला नाही. मागून एक मालमोटार आली, तिच्यावर ध्वनिक्षेपकांची भिंत रचलेली, आणि त्या भिंतीतून ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ सुरू झाले. लोक आनंदाने नाचू लागले. त्याने टिपरू कमरेला खोवले आणि तो बाजूला झाला.

माझी काळजी येथे आहे, आणि ती मी लपवीत नाही. ज्या गाण्यात हलगीचा आत्मा आहे त्या गाण्याची मुद्रित प्रत हलगीवाल्याची सुपारी काढून घेते आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत असा 2000 सालचा नियम आहे. पण कागदावरचा नियम भिंतीपुढे कितपत टिकतो हे प्रत्येक गाव जाणते, आणि नियम पाळला तरी दिवस भिंतीचाच राहतो. मुंबईतही हेच निराळ्या रूपाने घडले: यंत्रात साठविलेले व्हायोलिनचे स्वर मिळू लागले आणि एकेकाळी दालने भरून बसणाऱ्या तंतुवादकांचे काम आटत गेले. गोगावले बंधू जिवंत वादकांवर खर्च करतात म्हणून त्यांचे कौतुक होते. असे करणे कौतुकाचा विषय व्हावा यातच परिस्थिती किती बिघडली ते दिसते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. डफडे हे जातीने लादलेले काम होते. मिरवणुकीपुढे ज्याने वाजवायचे त्याने मंदिराच्या पायरीवर चढायचे नाही, हा आमच्या गावगाड्याचा कायदा होता. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर असंख्य कुटुंबांनी गावकीच्या इतर कामांबरोबर वाजविणेही सोडले, आणि त्यांचा तो निर्णय सर्वस्वी न्याय्य होता. ‘सैराट’ची कथा ज्या जातीच्या क्रौर्यावर बेतली आहे तेच क्रौर्य या कातड्यालाही चिकटलेले आहे. ही कला टिकावी म्हणून तुम्ही वाजवीत राहा, असे त्या कुटुंबांतल्या मुलाला सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. तबलजीला जे नाव, जी बैठक आणि जी बिदागी मिळते ती डफडेवाल्याला मिळाली, आणि कोणत्याही घरातल्या मुलाने हे वाद्य हौसेने हाती घेतले, तरच ते जगावे.

हे अशक्य नाही. याच वऱ्हाडात तुकडोजी महाराजांनी एक साधी खंजिरी हातात घेतली आणि तिला असा मान मिळवून दिला की आज गावोगावच्या भजनी मंडळांत पोरेपोरी ती अभिमानाने वाजवितात.

तिसरी अडचण खुद्द भावांची. रीड बंधूंचा बँड 1998 साली रंगमंचावरच्या भांडणात मोडला, तो 2007 मध्ये पुन्हा उभा राहिला. गॅलाघर बंधूंचा ‘ओएसिस’ 2009 मध्ये पॅरिसला फुटला आणि एकत्र यायला 2025 उजाडले. ज्या जवळिकीने शब्दांवाचून समजते तीच जवळीक शब्दांवाचून दुखवतेही. गोगावले बंधूंची दोन नावे आजवर एका जोडचिन्हाने बांधलेली राहिली आहेत, आणि ती तशीच राहोत असे मी मनापासून इच्छितो.

पुढच्या श्रावणापूर्वी अकोल्यातल्या कावड मंडळांना आणि लग्नघरांना माझी एक विनंती आहे. ध्वनिक्षेपकाची मालमोटार ठरवावयाची असेल तर ठरवा. पण एक तास डफड्यासाठी राखून ठेवा, त्या तासात भिंत पूर्ण बंद ठेवा, वाजविणाऱ्याचे नाव पत्रिकेवर छापा, आणि ठरलेली बिदागी मिरवणूक निघण्यापूर्वी त्याच्या हातात द्या.