बंदी मुलांवर, धास्ती दुकानदारांना

10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात 16 वर्षांखालील मुलामुलींना फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, यूट्यूब, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, रेडिट, ट्विच आणि किक या दहा ठिकाणी अकाउंट ठेवता येत नाही. तिथल्या संसदेने हा कायदा नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केला होता. मुलांचे मानसिक आरोग्य, पालकांची काळजी, कंपन्यांची जबाबदारी या अंगांनी त्यावर भरपूर चर्चा झाली. पण मेलबर्न-सिडनीत घरून डबे पुरवणारी, नृत्याचे क्लास घेणारी मराठी माणसे आहेत. पुण्याहून तिकडे फराळ आणि येवल्याहून पैठण्या पाठवणारे व्यापारी आहेत. त्यांचा प्रश्न साधा आहे: आपल्या जाहिरातीचे काय? या प्रश्नाभोवती अर्धवट माहितीच जास्त फिरते. तिच्यापायी ज्याला काळजीचे कारण नाही तो घाबरतो आणि ज्याने हातपाय हलवायला हवेत तो स्वस्थ बसतो.

"नियम मोडला तर दंड दुकानदाराला"

या कायद्यात दंडाची तरतूद फक्त प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. लहान मुलांची अकाउंट रोखण्यासाठी कंपनीने पुरेशी पावले उचलली नाहीत, तर तिला 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला दंड नाही, आईवडिलांना नाही आणि पोस्ट टाकणाऱ्या दुकानालाही नाही. तुमच्या केकच्या फोटोला एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाने लाइक दिले, तर त्यात तुमचा काही गुन्हा नाही.

मात्र पालकांच्या परवानगीने या बंदीतून सुटका होत नाही. एखादी मुलगी हाताने केलेले दागिने स्वतःच्या अकाउंटवरून विकत असेल, तर ते अकाउंट बंद होते. धंदा चालू ठेवायचा असेल तर आईने किंवा वडिलांनी स्वतःच्या अकाउंटवरून तो सांभाळावा लागतो.

"तिकडे सगळेच बंद झाले"

व्हॉट्सॲप, मेसेंजर, पिंटरेस्ट, डिस्कॉर्ड आणि यूट्यूब किड्स या यादीत नाहीत. अकाउंट न उघडता जे पाहता येते, ते मुलांना आजही पाहता येते. म्हणजे तुमच्या क्लासचा यूट्यूबवरचा व्हिडिओ चौदा वर्षांचा मुलगा पाहू शकतो. त्याला चॅनेलचे सदस्य होता येणार नाही आणि खाली प्रतिक्रिया लिहिता येणार नाही, इतकेच.

"माझे गिऱ्हाईक सगळे मोठे, मला काय फरक पडतो?"

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच. सोळा वर्षांखालील कोण हे ठरवायचे, तर प्लॅटफॉर्मला प्रत्येक अकाउंटच्या वयाचा अंदाज घ्यावा लागतो. त्यासाठी नोंदवलेली जन्मतारीख, वापराच्या सवयी आणि गरज पडली तर सेल्फीवरून वय ओळखणारे तंत्र वापरले जाते. अंदाज म्हटला की चूक आलीच. ती चूक एखाद्या घरच्या अकाउंटबाबत झाली तर चार दिवसांचा मनस्ताप होतो. दुकानाच्या अकाउंटबाबत ऐन दिवाळीच्या ऑर्डरींत झाली तर हंगाम जातो.

इथे छोट्या व्यावसायिकांची एक जुनी सवय अडचणीत आणते. दुकानाच्या नावाने अकाउंट उघडताना जन्मतारखेच्या रकान्यात अनेक जण दुकान सुरू झाल्याची तारीख भरतात. 2014 साली सुरू झालेली बेकरी मग प्लॅटफॉर्मच्या हिशेबी अजून शाळेत जाणारे मूल असते. अकाउंट व्यवसायाचे असले तरी जन्मतारीख स्वतःची द्या, असे इन्स्टाग्राम नोंदणीच्या पानावरच सांगते, पण ती ओळ वाचतो कोण? ऑस्ट्रेलियाच्या कायद्याआधीही अशा तारखांमुळे व्यवसायांची अकाउंट कुलूपबंद झाली आहेत, कारण बहुतेक प्लॅटफॉर्मवर 13 वर्षांची अट पूर्वीपासून होतीच. आता तिथे ती रेघ 16 वर गेली. त्यामुळे 2011 किंवा 2012 सालचे दुकानही तिच्याखाली येते.

फेसबुकचे पेज तर एखाद्या व्यक्तीच्या प्रोफाइलमधून चालते. ती प्रोफाइल अडली की पेजवर जाता येत नाही. म्हणून पेज सांभाळणारे किमान दोन प्रौढ असायला हवेत. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने हौसेने उघडून दिलेल्या पेजवर दुकान चालत असेल, तर मालकाने आजच स्वतःचे नाव त्यात जोडून घ्यावे.

अकाउंट अडलेच तर पासपोर्ट किंवा लायसन्स दाखवण्यावाचून गत्यंतर नाही, असेही समजू नका. वय सिद्ध करण्यासाठी केवळ सरकारी ओळखपत्राचा आग्रह कंपनीला धरता येत नाही. दुसरा वाजवी मार्ग द्यावाच लागतो. तो मागायचा आपल्याला हक्क आहे.

दुसरा परिणाम आकड्यांवर झाला. कायदा लागू झाल्यानंतर पहिल्या महिनाभरात सुमारे 47 लाख अकाउंट बंद किंवा मर्यादित झाल्याचे ऑस्ट्रेलिया सरकारने जानेवारी 2026 मध्ये सांगितले. त्या काळात तुमचे फॉलोअर घटले असतील तर गिऱ्हाईक तुटले, असा निष्कर्ष लगेच काढू नका. फॉलोअर किती यापेक्षा ऑर्डरी किती आल्या, हे पाहा.

"मुलांपर्यंत जाहिरात पोहोचणार नाही, म्हणजे धंदा बसला"

मुलांना नेमके गाठणाऱ्या जाहिराती याआधीच आटल्या होत्या. 18 वर्षांखालील वापरकर्त्यांच्या आवडीनिवडी पाहून जाहिरात दाखवण्याची सोय मेटाने 2021 मध्ये काढून घेतली आणि 2023 मध्ये मुलगा-मुलगी हा निकषही काढला. उरले ते वय आणि ठिकाण. गूगलनेही 2021 मध्ये असेच निर्बंध जाहीर केले. त्यामुळे पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत नव्या कायद्याने फार मोठी भर पडत नाही.

खरा तोटा फुकटच्या प्रसिद्धीचा आहे. मुलांनी मित्रांना टॅग करणे, नाचाची रील पुढे पाठवणे, नव्या कॅफेत काढलेला फोटो टाकणे थांबले. क्रिकेटचे प्रशिक्षण देणारे, गिटार शिकवणारे, शाळेजवळ खाऊ विकणारे यांना ते जाणवणार, यात शंका नाही. माझ्या मते त्यांनी आता पालकांशी बोलावे. फी आईवडील भरतात, क्लासला गाडीतून तेच सोडतात, आणि ते व्हॉट्सॲपवर आहेत.

"एक बंद झाले तर दुसऱ्यावर जाऊ"

हा धीर किती पोकळ असतो ते आपण भारतात अनुभवले आहे. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. इन्स्टाग्रामने अवघ्या काही दिवसांत, 8 जुलैला, भारतात रील्स आणली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. जागा मिळाली, पण फॉलोअर सोबत आले नाहीत. ज्यांनी तिथे लाखोंचा प्रेक्षक जमवला होता, त्यांना शून्यातून सुरुवात करावी लागली. त्यात गावोगावचे छोटे विक्रेतेही होते.

नेपाळमध्ये तर सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने नोंदणी न केलेल्या 26 प्लॅटफॉर्मवर एकदम बंदी घातली. कंपन्यांना नोंदणीसाठी सात दिवसांची मुदत मिळाली होती. बंद झालेल्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्राम तर होतेच, व्हॉट्सॲपसुद्धा होते. देशभर उसळलेल्या आंदोलनात पहिल्याच दिवशी 19 जण मृत्युमुखी पडले आणि त्या रात्री बंदी मागे घेतली गेली. टिकटॉक आणि व्हायबर नोंदलेले असल्याने चालूच राहिले. कोणते ॲप टिकेल आणि कोणते जाईल हे दुकानदाराच्या हाती नव्हते. अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टिकटॉकविरोधी कायदा कायम ठेवला, ॲप एका रात्री बंद पडले आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू झाले. अशा धरसोडीत महिन्याचे नियोजन तरी कसे करणार?

ग्राहकाचे नाव, फोन नंबर आणि ईमेल आपल्या वहीत असले, तर कोणतेही ॲप गेले तरी त्याच्यापर्यंत पोहोचता येते. जाहिरातीवर खर्च होणाऱ्या दर रुपयातला काही भाग ही यादी वाढवण्यासाठी असावा, असे मी आग्रहाने सांगेन.

"नंबर मिळाला, आता वाटेल ते पाठवा"

यादी हाताशी आली की हा मोह होतो. ऑस्ट्रेलियात 2003 चा स्पॅम कायदा आहे. व्यापारी संदेश पाठवण्यासाठी समोरच्याची संमती लागते, पाठवणाऱ्याची ओळख स्पष्ट द्यावी लागते आणि 'नको' म्हणण्याची सोय ठेवावी लागते. पुण्यात बसून सिडनीच्या गिऱ्हाइकाला संदेश पाठवणाराही त्यातून सुटत नाही.

आपल्याकडचा कायदा तर या बाबतीत थेट व्यावसायिकालाच गाठतो. गोवा सरकारने ऑस्ट्रेलियासारख्या बंदीचा विचार चालू असल्याचे जानेवारी 2026 मध्ये सांगितले, तेव्हा लोकांचे लक्ष तिकडे गेले. पण 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आधीच झालेला आहे आणि त्यात मूल म्हणजे 18 वर्षांखालील कोणीही. मुलाची माहिती डिजिटल स्वरूपात ठेवायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. शिक्षणसंस्थांना काही मर्यादित सूट आहे, ती जाहिरातीसाठी नाही. मुलांबाबतच्या या तरतुदी मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत मिळाली. क्लासवाल्यांनी, खेळण्यांच्या आणि गणवेशाच्या दुकानदारांनी मे 2027 ची वाट न पाहता पालकांची संमती घ्यायला या जूनच्या प्रवेशांपासूनच सुरुवात करावी.