पन्नाशीच्या सेसनाला ऑटोपायलट

“विमानात ऑटोपायलट बसवलास म्हणे! मग आता तू काय नुसता चहा पीत बसतोस?” बडोद्याहून फोनवर हा प्रश्न गेल्या वर्षभरात इतक्या वेळा आलाय, की शेवटी ठरवलं, मंडळाच्या अंकातच सगळ्यांना एकदम उत्तर देऊन टाकावं. उत्तर जरा लांब आहे. आम्हालाही हा निर्णय घ्यायला सहा-सात महिने लागले होते.

आधी विमानाबद्दल सांगतो. मी अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसजवळ राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. बी. ई. आपल्या कलाभवनातलं. इथे स्वतःचं छोटं विमान असणं हे फक्त धनाढ्यांचं काम नाही. बरेच लोक भागीदारीत जुनं विमान घेतात आणि हँगरचं भाडं, विमा, दुरुस्ती वाटून घेतात. आम्हीही चौघांनी मिळून १९७४ सालचं सेसना १७२ घेतलं. चार सीट, एक इंजिन, १५० हॉर्सपॉवर आणि वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. १९५६ सालापासून हे मॉडेल बाजारात आहे. मधली दहाएक वर्षं उत्पादन बंद होतं, पण आजही ते बनतं. आतापर्यंत ४४,००० हून जास्त विमानं बनली आहेत. इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. आपल्याकडे जुनी बजाज स्कूटर कशी कुठल्याही मेकॅनिकला तोंडपाठ असायची, तसंच या विमानाचं इथे आहे.

त्यात कॉम्प्युटर नावालाही नाही. हातातलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, फिरवलं की पोलादी केबल ओढली जाते. ती कप्प्यांवरून जाते आणि पंखांच्या कडेचे एलेरॉन हलवते. योक पुढे-मागे केलं की तशीच दुसरी केबल शेपटीचा एलेव्हेटर हलवते. एवढीच यंत्रणा. तेव्हा अशा विमानाला ऑटोपायलट बसवायचा म्हणजे या केबल ओढणारा आणखी एक हात बसवायचा.

शंभर वर्षांपूर्वीचा तमाशा

ही कल्पना आजची नाही. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर विमानांच्या सुरक्षिततेची स्पर्धा होती. लॉरेन्स स्पेरी हा जेमतेम एकविशीतला अमेरिकन मुलगा आपलं पाण्यावर उतरणारं विमान घेऊन आला. परीक्षकांसमोरून उडताना त्याने दोन्ही हात वर केले. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशँ चक्क पंखावर चालत गेला. एका बाजूला वजन गेलं तरी विमान सरळच राहिलं. आत फिरणारे जायरोस्कोप पंख सावरत होते. स्पेरीला पन्नास हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं. पुढे १९३३ साली वायली पोस्ट एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा त्याच्या विमानातही स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट होता.

जायरोचं तत्त्व भोवऱ्याचं. वेगाने फिरणारा भोवरा आपला अक्ष सोडत नाही. विमान कलंडलं तरी आतला जायरो तसाच राहतो, आणि त्या दोघांमधल्या फरकावरून विमान किती कललंय ते कळतं. आता भोवऱ्याची जागा बोटाच्या नखाएवढ्या चिपने घेतली आहे. तुमच्या मोबाइलमध्ये स्क्रीन आडवी-उभी होते, त्याच जातीचे सेन्सर. ते सेकंदाला अनेकदा मोजमाप घेतात, कॉम्प्युटर हिशोब करतो आणि सर्वो नावाची छोटी मोटर केबल जरा ओढते किंवा सोडते.

सर्वात साधा ऑटोपायलट फक्त पंख सपाट ठेवतो. त्याच्या वरचा जीपीएसने आखलेल्या रस्त्यावरून नेतो. आणखी वरचा उंचीही सांभाळतो. पण आमच्यासारख्या विमानात इंजिनची पॉवर त्याच्या हातात नसते. ती पायलटचीच जबाबदारी. समजा मी पॉवर कमी केली आणि विसरलो. उंची टिकवायला सांगितलेला ऑटोपायलट विमानाचं नाक वर-वर उचलत राहील आणि वेग घसरत जाईल. नव्या यंत्रणा अशा वेळी इशारा देतात, काही स्वतःहून नाक खालीही करतात, पण थ्रॉटल कोणी ढकलत नाही. तेव्हा चहाचा बेत तिथेच रद्द!

१७८ सेकंद

मग हवा कशाला? याचं उत्तर १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात केलेल्या एका प्रयोगात आहे. ढगात उडण्याचं प्रशिक्षण नसलेले वीस पायलट घेतले. सोबत प्रशिक्षक होता. बाहेरचं दिसणं बंद करून त्यांना फक्त यंत्रांवर उडायला सांगितलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला. एकोणीस जण खाली जाणाऱ्या गोल फेऱ्यांत सापडले, एकाने नाक वर नेऊन वेग घालवला. यासाठी सरासरी वेळ लागला १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाही.

यात पायलटचा हलगर्जीपणा नसतो. आपला तोल सांभाळतं ते कानातलं द्रव. विमान अगदी हळूहळू कललं तर त्याला पत्ताच लागत नाही. क्षितिज दिसत असेल तर डोळे चूक सुधारतात. ढगात क्षितिजच नसतं. विमान वळतंय, खाली जातंय, आणि शरीर ठासून सांगतंय की आपण सरळ आहोत. उंची कमी होतेय म्हणून पायलट योक ओढतो, तर फेरी आणखी घट्ट होते.

माझ्याकडे ढगात उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे. तरी विमानात मी एकटाच पायलट असतो. मागे बायको आणि सहा वर्षांची मुलगी. ढगात असताना कंट्रोलर रेडिओवर नवा मार्ग सांगतो. तो लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, जीपीएसमध्ये भरायचा, आणि या सगळ्यात पंख सपाट ठेवायचे. मोठ्या विमानात या कामाला दोन माणसं असतात. मला तिथे दुसरा माणूस हवा होता.

इतकी वर्षं का नाही?

स्वतःच्या गाडीला आपण हवा तो म्युझिक सिस्टिम बसवतो. विमानाचं तसं नाही. विमान ज्या स्वरूपात मंजूर झालं, त्यात मोठा बदल करायचा तर अमेरिकेच्या एफएए या सरकारी खात्याने मंजूर केलेलं पुरवणी प्रमाणपत्र लागतं. त्याला एसटीसी म्हणतात. प्रत्येक मॉडेलसाठी ते वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि त्याचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात येतो. गंमत म्हणजे घरी बांधलेल्या ‘एक्सपेरिमेंटल’ विमानांना हे बंधन नव्हतं. त्यांच्याकडे स्वस्त आणि आधुनिक ऑटोपायलट होते, आणि कारखान्यात बनलेली आमची विमानं सत्तरच्या दशकातल्या बंद पडक्या यंत्रणेवर. आमच्या विमानातही तसा एक जुना ऑटोपायलट होता. त्याचा स्विच होता, पण काम शून्य.

२०१६ च्या सुमारास चित्र बदललं. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या संस्थेने पुढाकार घेतला आणि डायनॉन कंपनीचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र जुन्या विमानांत बसवायची परवानगी मिळवली. २०१७ साली ट्रूट्रॅकचा ऑटोपायलट सेसना १७२ साठी मंजूर झाला. त्याच वर्षी गार्मिनने जीएफसी ५०० जाहीर केला आणि त्याची किंमत सात हजार डॉलरच्या आत होती. यात बसवण्याची मजुरी धरलेली नाही, आणि सोबत लागणारी नवी यंत्रं वेगळीच. आमचा सगळा हिशोब छापील किमतीच्या तिपटीच्या आसपास गेला.

चौघांची पंचाईत

इथे आमच्यात वाद झाला. एक भागीदार निवृत्त शिक्षक, पासष्टी उलटलेले. ते म्हणाले, “मी थकतो. लांबच्या प्रवासात दुसऱ्या तासानंतर माझ्या चुका वाढतात. मला हे हवंय.” दुसरी भागीदार आमच्यात सगळ्यात चांगली पायलट. ती ठाम विरोधात. तिचं म्हणणं, यंत्र आलं की हात गंजतात आणि माणूस एरवी गेला नसता अशा हवेत धिटाईने जातो. त्या पैशात इंजिन ओव्हरहॉलचा निधी भरता येईल.

तिच्या बाजूने एक कटू उदाहरण होतं. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतःचं पायपर विमान चालवत होते. ते मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं. ते, त्यांची पत्नी आणि मेहुणी, तिघंही गेले. अंधारी रात्र, धुरकट हवा, आणि पायलटचा दिशाभ्रम, असं तपासात निघालं. त्या विमानात ऑटोपायलट होता. म्हणजे नुसतं यंत्र असून भागत नाही.

मी मधला. ऑफिसात माझं कामच माणसाचे हात वाचवणारी सॉफ्टवेअर लिहिण्याचं. त्यामुळे मला यंत्र किती हुशार आहे यापेक्षा ते बिघडलं तर काय होतं, हा प्रश्न मोठा वाटत होता. मी कागदपत्रं वाचायला बसलो, आणि तिथे माझं मत पक्कं झालं. नियमच असा आहे की पायलटला हाताच्या जोराने ऑटोपायलटवर मात करता आली पाहिजे. ती सर्वो मोटर मुद्दाम अशक्त ठेवलेली असते. योकवर लाल बटण, पॅनेलवर दुसरं बटण, नाहीतर सर्किट ब्रेकर ओढायचा. काहीच नाही जमलं तर हाताचा जोर आहेच.

शेवटी तोडगा निघाला तो त्या विरोधी भागीदारामुळेच. तिने तीन अटी घातल्या. एक, प्रत्येकाने प्रशिक्षकासोबत या यंत्राचे किमान पाच तास करायचे. दोन, महिन्यातलं निदान एक उड्डाण पूर्ण हाताने. तीन, ऑटोपायलट नसता तर ज्या हवेत निघालो नसतो, त्या हवेत ऑटोपायलट असला तरी निघायचं नाही. आम्ही कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या.

वर्कशॉपमध्ये

बसवणाऱ्या वर्कशॉपने आधी विमानाची तपासणी केली. पन्नास वर्षांत केबल सैल होतात, कप्प्या घासतात, जोड आवळून बसतात. माणसाचा हात हे सगळं नकळत सांभाळून घेतो. सर्वोला ते जमत नाही. योक अडखळत असेल तर ऑटोपायलटखाली विमान सतत डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेतं. म्हणून प्रत्येक केबलचा ताण मोजून नीट केला, दोन कप्प्या बदलल्या. खरं सांगतो, ऑटोपायलट सुरू होण्याआधीच विमान हाताला हलकं लागायला लागलं होतं.

मग सर्वो, वायरिंग, नवी यंत्रं. जुनं बंद सामान काढलं, नवं वजन धरून विमानाचा तोल पुन्हा काढला. लॉगबुकात नोंद झाली, मोठ्या बदलाचा फॉर्म एफएएला गेला, आणि विमानाच्या पुस्तकाला ऑटोपायलटची पुरवणी जोडली गेली. त्यात लिहिलंय की जमिनीपासून ठरावीक उंचीखाली हे यंत्र वापरायचं नाही. टेकऑफ आणि लँडिंग आमचंच.

आता मी काय करतो

प्रत्येक उड्डाणाआधी जमिनीवर ऑटोपायलट चालू करतो आणि योक दोन्ही बाजूंना ढकलून बघतो. यंत्राला हरवता येतंय ना? मग लाल बटण दाबतो. सुटलं ना? हे दोन्ही झाल्याशिवाय निघायचं नाही.

हवेत गेल्यावर कान आणि डोळे यंत्रावर असतात. कुठला मोड चालू आहे हे मी मोठ्याने बोलतो. मुलीलाही ते पाठ झालंय. एक गोष्ट कटाक्षाने टाळतो. ऑटोपायलट चालू असताना योकशी झटापट करायची नाही. ज्या यंत्रणेत ट्रिमही मोटरने फिरतो, तिथे तुम्ही योक पुढे ढकलून धरलं तर यंत्राला वाटतं नाक जड झालंय, आणि ते ट्रिम उलट्या बाजूला फिरवत बसतं. मग बटण सोडलं की नाक एकदम उसळतं. पटत नसेल तर आधी लाल बटण, मग हात.

आमच्या पॅनेलवर आणखी एक बटण आहे. ते दाबलं की यंत्र पंख सपाट करतं आणि चढ-उतार थांबवतं. ढगात डोकं गरगरलं तर तेवढं एक बटण पुरेसं आहे. बायकोला मी लँडिंग शिकवू शकलेलो नाही, पण हे बटण आणि रेडिओवर मदत कशी मागायची, एवढं तिला नीट दाखवून ठेवलंय. मला काही झालं तर विचार करायला तिच्याकडे वेळ असेल. १७८ सेकंदांपेक्षा बराच जास्त.

जानेवारीत मी तीन आठवडे बडोद्याला आहे. हरणीला फ्लाइंग क्लबकडे चक्कर मारायचा विचार आहे. कॉलेजातल्या कोणाला यायचं असेल, तर मंडळाच्या ऑफिसात नाव देऊन ठेवा.