टाकीतल्या शिकाऱ्याचे ताट

मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून, 724 किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. भुसावळ–सुरत रेल्वेही बरीचशी तिच्याच सोबतीने धावते. याच वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे यंत्रमागांच्या आणि कापडाच्या या शहरात आली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी आणि अहिराणी आज सहज कानावर पडते. नदीचे मासे या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. काचेआडचा समुद्र त्यांनी पाहिला तो बराच नंतर. मुंबईत त्यासाठी 1951 पासून मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय होते. सुरतेत महापालिकेने 2014 मध्ये पाल भागात जगदीशचंद्र बोस मत्स्यालय सुरू केले.

अशा मत्स्यालयातून बाहेर पडताना अनेकांच्या मनात घरच्या टाकीचा विचार डोकावतो. डोळ्यांत भरलेले असतात ते बहुधा शिकारी मासे: पंख्यासारखे पर पसरून पाण्यात तरंगणारा लायनफिश, कपारीतून डोके काढणारी मोरे ईल, जबडा मिटून एकटक बघणारा हेकरू, म्हणजे ग्रुपर. हौशी माणूस टाकी घेतो, मीठ घेतो, मासा आणतो आणि मग दुकानदाराला विचारतो, “हा खातो काय?” त्याला अनेकदा एका पिशवीत दहा-बारा छोटे गोल्डफिश बांधून मिळतात. मासा ते गिळतो, घरची मुले टाळ्या पिटतात आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते.

काही महिन्यांनी तोच मासा अन्नाकडे पाठ फिरवतो. तिरका पोहू लागतो, नेम चुकवतो आणि एके सकाळी तळाशी पडलेला दिसतो. शिकारी मासा समोर हलणाऱ्या कशावरही झडप घालतो. त्याने गिळले म्हणून ते त्याला मानवले असे होत नाही. खाऱ्या पाण्यातल्या शिकाऱ्यांच्या आहाराची सगळी जबाबदारी म्हणूनच पाळणाऱ्यावर येते.

गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या शरीरात थायमिनेज नावाचे एन्झाइम असते आणि ते ब-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, मोडतोड करते. याचा धडा जगाला माशांकडून नव्हे, कोल्ह्यांकडून मिळाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या माणसाचा कोल्हेपालनाचा व्यवसाय होता. 1932 मध्ये तिथल्या कोल्ह्यांना कच्चा कार्प खाऊ घातला जात होता. त्यांची भूक गेली, पाय लुळे पडले आणि ते मरू लागले. हा आजार पुढे चॅस्टेक पॅरालिसिस या नावानेच ओळखला गेला. योगायोग असा, की 1936 मध्ये थायमिन प्रयोगशाळेत तयार करून दाखवणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स जन्माने आपल्या नेल्लोरचे होते.

थायमिनेज शिजवल्यावर नष्ट होते, पण गोठवल्याने नष्ट होत नाही. ते फक्त गोल्डफिशमध्येच असते असेही नाही. मांदेली आणि तारली यांच्या कुळांतल्या अनेक माशांत आणि काही शिंपल्यांतही ते सापडते. मोठ्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत गोठवलेल्या माशांवर जगणाऱ्या प्राण्यांना म्हणूनच वरून थायमिन दिले जाते. त्याचे रूढ प्रमाण दर किलो माशामागे सुमारे 25 ते 35 मिलिग्रॅम असते. घरच्या टाकीसाठी सागरी माशांची जीवनसत्त्वाची द्रावणे मिळतात. वितळलेल्या तुकड्यावर थेंबभर टाकून तो दहा मिनिटे मुरू दिला की काम होते.

दुसरा प्रश्न स्निग्ध पदार्थांचा. समुद्रातल्या अन्नसाखळीत ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 आम्ले भरपूर असतात, आणि सागरी शिकाऱ्यांना ती स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी वेगळ्या घडणीची असते. वर्षभर तिच्यावरच पोसलेल्या लायनफिशच्या यकृतात चरबी साठत जाते, आणि बाहेरून तो गुबगुबीत, तजेलदार दिसत राहतो. जिवंत माशांसोबत रोगही येतात. त्यांतला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू तर टाकीत हात घालणाऱ्या माणसाच्या जखमेतूनही शिरू शकतो.

मग द्यायचे काय? सुरतेच्या हौशी माणसाला याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. जिल्ह्याच्या ओलपाड आणि चोर्यासी तालुक्यांत कोळंबीची तळी आहेत. भारतात 2009 मध्ये परवानगी मिळाल्यापासून व्हॅनामेई कोळंबीने या व्यवसायाचे रूपच पालटले. कवचासह घेतलेली ताजी कोळंबी हा शिकाऱ्यांच्या आहाराचा चांगला पाया ठरतो. तिच्या जोडीला माकूल, तिसऱ्या, लहान खेकडे, मुडदुशी किंवा बोईसारख्या पांढऱ्या मांसाच्या माशाचे तुकडे आणि लहान माशांसाठी बारीक करंदी द्यावी. यातले एकही रोज देण्यासाठी नाही. आठवड्यात तीन प्रकार फिरते ठेवले, तर एकातली उणीव दुसरा भरून काढतो.

बाजारातून आणलेला माल मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा. 2018 मध्ये गोव्यात आणि केरळात माशांवर फॉर्मेलिन वापरल्यावरून मोठे वादळ उठले होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने अशी भेसळ ओळखण्यासाठी कागदी पट्टीची सोपी चाचणी विकसित केली आहे. टाकीतल्या माशाला वास घेऊन ताट नाकारण्याची सोय नसते, म्हणून ती काळजी माणसानेच घ्यायची. मीठ-मसाला लावलेले, शिजवलेले किंवा खारवलेले काहीही टाकीत जाऊ नये. कोळंबी आरओच्या पाण्यात धुवावी, एका वेळेपुरते तुकडे करावेत आणि सपाट पिशव्यांत गोठवावेत. उणे 20 अंशांवर सात दिवस ठेवल्यास बहुतेक परजीवी मरतात. पिशवीवर तारीख लिहावी आणि दोन-तीन महिन्यांत माल संपवावा, कारण गोठवलेल्या माशातलीही जीवनसत्त्वे हळूहळू घटत जातात.

प्रत्येक शिकाऱ्याची खाण्याची तऱ्हा वेगळी असते. लायनफिश संध्याकाळी शिकारीला निघणारा. तो पर पसरून भक्ष्याला कोपऱ्यात गाठतो आणि आपल्या लांबीच्या निम्म्या आकाराचा मासाही गिळू शकतो. त्याला दिवे मंद केल्यावर खाऊ घालावे. हेकरू तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. मोरे ईलची नजर कमजोर, पण नाक तीक्ष्ण. तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते आणि ती पुढे येऊन घास आत खेचते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रथम दाखवून दिले. बोथट दातांची स्नोफ्लेक ईल मुख्यतः खेकडे आणि कोळंबी खाणारी असल्याने नवशिक्याला त्यातल्या त्यात सोपी जाते. ट्रिगर आणि पफर या माशांचे दात सतत वाढतात. त्यांना सोललेली कोळंबी देणे ही माया चुकीची. कवच फोडण्यातच त्यांचे दात झिजतात.

दुकानातून आलेला लायनफिश अनेकदा जिवंत भक्ष्याशिवाय कशाकडेही बघत नाही. त्याला गोठवलेल्या अन्नावर आणण्याची रीत ठरलेली आहे, आणि तिला धीर लागतो. सुरुवातीला खाऱ्या पाण्याला हळूहळू सरावलेली मॉली किंवा जिवंत कोळंबी चालते. मॉली खारे पाणी सहन करते, त्यामुळे ती टाकीत पडताच मरत नाही. तिला आधी दोन दिवस चांगले खाऊ घातलेले असावे. पुढे लांब, पारदर्शक काडीच्या टोकाला वितळलेल्या कोळंबीचा तुकडा लावून तो माशासमोर जिवंत भक्ष्यासारखा हलवायचा. पहिले काही दिवस मासा नुसता बघतो. न खाल्लेला तुकडा पाच-दहा मिनिटांत बाहेर काढायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करायचा. निरोगी, मोठ्या लायनफिशला काही दिवसांचा उपास सोसतो. पिल्लाला तो सोसत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत इतकी ताणाताणी करू नये.

हातात घास धरून कधीही भरवू नये. लायनफिशच्या परांचे काटे विषारी असतात. काटा लागलाच, तर ते अंग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. उष्णतेने ते विष निष्प्रभ होते. ईल मुद्दाम चावत नाही, पण कोळंबीचा वास लागलेले बोट तिला कोळंबीच वाटते.

आता प्रश्न किती द्यायचे हा. वाढत्या पिल्लाला रोज थोडेथोडे, मोठ्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा आणि मोठ्या ईलला एक-दोनदा पुरते. तुकडा तोंडाच्या रुंदीहून मोठा नसावा, आणि खाल्ल्यावर पोट किंचित गोल दिसले की थांबावे. शिकारी मासे मागतच राहतात. समुद्रात पुढचे भक्ष्य कधी मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे मिळेल तेव्हा गिळायचे ही त्यांची घडण. टाकीसमोर माणूस आला की ते काचेशी येतात, आणि त्यांचे ते बघणे नाकारणे घरातल्या मुलांना फार जड जाते.

त्या लाडाची किंमत पाणी मोजते. 100 ग्रॅम कोळंबीत साधारण 20 ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांत सुमारे 3.2 ग्रॅम नायट्रोजन असतो. तो आधी अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होतो. सगळाच नायट्रेट झाला असे धरले, तर 400 लिटरच्या टाकीत दर लिटरमागे सुमारे 35 मिलिग्रॅमची भर पडते, तीही केवळ 100 ग्रॅमांतून. शिकाऱ्यांच्या टाकीला म्हणून मोठा प्रोटीन स्किमर (पाण्यातला कचरा फेसातून काढणारे यंत्र), भरपूर लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू वसलेले सच्छिद्र खडक) आणि ठरलेल्या दिवशी पाणी बदलणे यांना पर्याय नाही.

सुरतेत समुद्र जवळ असला, तरी ते पाणी टाकीला उपयोगी नाही. खंभातच्या आखाताला भरती-ओहोटीचा प्रचंड जोर. भावनगरला पाण्याच्या पातळीत दहा मीटरांच्या आसपास फरक पडतो. त्यात नद्यांचा गाळ मिसळतो, आणि डुमसच्या किनाऱ्यावर मातकट पाणीच दिसते. म्हणून आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ मिसळून पाणी घरीच तयार करतात. 200 लिटरला सात किलो मीठ लागते. उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर गेला की चिलरवाचून 25-26 अंशांचे तापमान टिकत नाही. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी, आणि भरल्या पोटाच्या माशाला तोच जास्त लागतो. उन्हाच्या तडाख्यात वीज गेलेली असेल, तर त्या दिवशी खाऊ घालणे टाळावे.

दिवाळीत सुरतेचे कापडबाजार आणि कारखाने थंडावतात, आणि खानदेशी कुटुंबे आठवडाभर गावी जातात. “माशांचे काय?” ही काळजी तेव्हा हमखास डोके वर काढते. शेजाऱ्याला किल्ली आणि कोळंबीची पिशवी देऊन जाणे हा त्यातला सर्वांत धोक्याचा मार्ग, कारण दयाळू शेजारी रोज मूठभर टाकतो आणि उरलेले अन्न तळाशी कुजते. सुदृढ, मोठ्या शिकाऱ्यांना आठवडाभर काही न देता ठेवता येते. निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांना नेहमीइतकेच द्यावे, पाणी बदलावे आणि शेजाऱ्याला फक्त दोन कामे सांगावीत: पंप चालू आहे ना ते पाहणे आणि आटलेल्या पाण्याइतके साधे आरओचे पाणी वरून टाकणे. एअरपंपाला बॅटरीची जोड असेल तर फारच उत्तम.

चांगले खाऊ घातलेला मासा वाढतो, आणि इथे अनेक घरांचा हिशेब चुकतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला पँथर ग्रुपर दुकानात बोटाएवढा असतो. पूर्ण वाढला की तो 70 सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याचाच महाकाय नातलग जायंट ग्रुपर भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. तो पाळण्याचा विचारही करू नये. टाकीत मावेनासा झालेला मासा तापीत किंवा डुमसला सोडून देणे ही दया नव्हे. अटलांटिक महासागरात लायनफिश मुळात नव्हता. 1985 मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला. मत्स्यालयांतून सोडलेल्या माशांपासून त्याचा प्रसार झाला असे मानले जाते. आता तो सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरला आहे. बहामामध्ये अल्बिन्स आणि हिक्सन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लायनफिश असलेल्या प्रवाळखडकांवर येणाऱ्या नव्या स्थानिक माशांची भर अवघ्या पाच आठवड्यांत 79 टक्क्यांनी घटली होती.

या साऱ्याची सुरुवात दुकानातच करता येते. मासा पसंत पडला, तरी पैसे देण्याआधी दुकानदाराला एक विनंती करावी: “याला माझ्यासमोर गोठवलेली कोळंबी खाऊ घाला.” मासा काडीवरचा तुकडा उचलत असेल, त्याचे पोट खपाटीला गेलेले नसेल, डोळे स्वच्छ असतील आणि श्वास शांत असेल, तर तो घ्यावा. तो फक्त जिवंत गोल्डफिशच खातो असे उत्तर आले, तर दुकानदाराला त्याला गोठवलेल्या अन्नाची सवय लावायला दोन आठवडे द्यावेत आणि नंतर पुन्हा जाऊन पाहावे. पूर्ण वाढल्यावर त्याची लांबी किती होते हे त्याच वेळी विचारून घ्यावे, आणि टाकीचे माप त्या उत्तरावरून ठरवावे.