वऱ्हाडचे ऊन आणि शहरातील झाडे

डांबरी रस्ते, सिमेंटच्या गच्च्या आणि विटांच्या भिंती दिवसभर उष्णता शोषून घेतात व ती रात्री सावकाश सोडतात, त्यामुळे शहराचा दाट वस्तीचा भाग भोवतालच्या शेतशिवारापेक्षा अधिक तापलेला राहतो. या स्थितीला ‘नागरी उष्णताबेट’ म्हणतात. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेल्यावर जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचे कलम 144 लागू केले होते. अशा प्रदेशात बाग केवळ शोभेची राहत नाही, ती आरोग्याची गरज ठरते.

झाडे हवा दोन प्रकारे थंड ठेवतात. पहिला प्रकार सावलीचा, कारण जमिनीवर ऊनच न पडल्याने ती तापत नाही. दुसरा बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे मुळांनी शोषलेले पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडण्याचा: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता खर्च होते आणि घरातील कूलरप्रमाणे कोरड्या हवेत हा गारवा चांगला जाणवतो. मोठ्या बागेतील हा गारवा वाऱ्याबरोबर शेजारच्या वस्तीतही पोचतो, मात्र अंतर वाढत जाते तसा तो विरळ होतो. जगभरातील अभ्यासांचा 2010 मध्ये जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात बागा दिवसा शहराच्या अन्य भागांपेक्षा सरासरी सुमारे 1 अंशाने थंड आढळल्या.

अमरावतीला वडाळी व छत्री तलाव आणि त्यांना लागून असलेले पोहरा-मालखेडचे जंगल लाभले आहे; परंतु हे जंगल शुष्क पानझडीचे असल्याने साग, पळस यांसारखी झाडे ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतात, शिवाय शहराच्या कडेचे जंगल मधल्या पेठांना सावली देऊ शकत नाही. त्यासाठी कडुनिंब, वड, चिंच, करंज अशी मे महिन्यात हिरवी असणारी झाडे गल्ल्यांत, बसथांब्यांवर आणि शाळांच्या आवारात लावणे अधिक उपयोगाचे आहे. पाणी तुटले की झाड पानांवरील छिद्रे मिटून घेते व बाष्पोत्सर्जन मंदावते. म्हणून भूजलावर ताण असलेल्या या जिल्ह्यात सांडपाणी शुद्ध करून ते झाडांना देण्याची सोय लागवडीबरोबरच व्हायला हवी.

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र अजून शहर झालेले नाही. तथापि तेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्याने वस्ती व बांधकामे वाढणे स्वाभाविक आहे. बांधून झालेल्या शहरात झाडासाठी जागा शोधावी लागते, तर वाढू पाहणाऱ्या गावात ती आधीच राखून ठेवता येते. म्हणून रिद्धपूरच्या विकास आराखड्यात रस्ते आणि इमारती यांच्याबरोबरच सावलीची जागाही आजच निश्चित करावी.