आई ‘बरी आहे’ म्हणते. घर काय म्हणते?

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला विसावते. पुण्या-मुंबईकडे स्थायिक झालेली मुले त्या निमित्ताने गावी येतात. पालखी तरडगावकडे मार्गस्थ झाली, की माझ्या दवाखान्यात दरवर्षी तेच दृश्य दिसते. बाकावर वृद्ध आई किंवा वडील, शेजारी चिंतातुर मुलगा आणि त्याचे ठरलेले वाक्य, “डॉक्टर, फोनवर तर सगळे बरे आहे असे सांगायची.”

वाचकहो, फोनवर आवाज ऐकू येतो, घर दिसत नाही. म्हणून गावी गेल्यावर आईला “कशी आहेस?” असे विचारण्यापूर्वी स्वयंपाकघरात एक चक्कर मारावी.

माझ्या एका रुग्ण आजींच्या घरी त्यांच्या सुनेने पिठाचा डबा उघडला, तर आत अळ्या झालेल्या. दळण कित्येक आठवड्यांत गिरणीवर गेलेले नव्हते. दोन पातेली करपून काळी पडलेली, वीजबिले न उघडता उशीखाली ठेवलेली आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी. आजी चहा-बिस्किटांवर दिवस काढत होत्या. सहा महिन्यांत त्यांचे वजन ५२ किलोवरून ४७ वर आले होते. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात शरीराचे ५ टक्के वजन घटले, तरी तपासणी आवश्यक ठरते. येथे ते जवळजवळ १० टक्के होते.

यात माझीही चूक होती, ती सांगितली पाहिजे. आजी महिन्याला एकट्याच येत, “बरी आहे” म्हणत. रक्तदाब चढलेला दिसला म्हणून मी गोळीची मात्रा वाढवली. त्या गोळी घेतच नाहीत, ही शंका मला आली नाही. सुनेने ती वाढीव मात्रा नेमाने देण्यास सुरुवात केली आणि तिसऱ्या रात्री आजी घेरी येऊन पडल्या. हाड मोडले नाही, हे सुदैव. तेव्हापासून मी वृद्ध रुग्णांना गोळ्यांची उरलेली पाकिटे सोबत आणावयास सांगतो.

स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा क्रियांवरून परावलंबन मोजण्याची पद्धत कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडली. मात्र आंघोळ जमेनाशी होईपर्यंत थांबलात, तर फार उशीर झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी पैशांचा हिशेब, औषधे, बाजारहाट, स्वयंपाक आणि प्रवास ही कामे हातून निसटू लागतात. लोणंदहून फलटणला एसटीने एकटे जाणारे आजोबा अलीकडे “कशाला उगाच” म्हणून घरीच बसत असतील, तर त्या ‘उगाच’मागे पडण्याची भीती, अंधूक दृष्टी किंवा नाणी मोजताना होणारा गोंधळ असू शकतो.

एक साधी चाचणी घरी करता येते. खुर्चीवरून उठून ३ मीटर चालावयाचे, वळून परत यावयाचे आणि बसावयाचे. १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. चाचणीच्या वेळी आपण शेजारीच उभे राहावे.

मात्र कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागली, तर ते वय म्हणून सोडून देऊ नये. लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम घटणे किंवा एखादे नवे औषध यांमुळे असे होते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळूहळू आलेल्या विस्मरणातही थायरॉइड, ब जीवनसत्त्व १२, श्रवणशक्ती आणि नैराश्य यांची तपासणी आधी व्हावी.

मदत कशी देऊ करावी, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. “आई, तुला आता जमत नाही” या वाक्याने दार बंद होते. आजींच्या मुलाने त्यांना पुण्यास नेण्याचा हट्ट धरला. आजींनी साफ नकार दिला. अखेर शेजारच्या घरातील एका बाईंनी दोन वेळा येऊन भाकरी करून द्यावी, त्यांना रीतसर पैसे द्यावेत, असे ठरले. भाजी निवडण्याचे काम आजींकडेच ठेवले. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आली, न्हाणीघरात धरावयास दांडा बसला, रात्री दिवा राहू लागला. सत्तरीपुढील नागरिकांना आयुष्मान भारत योजनेतून उत्पन्नाची अट नसता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात, ते कार्ड अवश्य काढावे. परंतु घरी येऊन भाकरी थापणारे हात त्यात मिळत नाहीत. माहितीसाठी किंवा छळाची तक्रार असल्यास १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

गेल्या आठवड्यात आजी येऊन गेल्या. वजन ४९ किलो. त्या बाई भाजीत मीठ फार कमी घालतात, अशी त्यांची तक्रार होती. ती सूचना माझीच आहे, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.