आपल्या हातचे, आपल्या घरचे

कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो मजुरी, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आम्ही आज मातीचा बैल, पळसाचा रंग आणि पत्रावळ यांविषयी बोलणार आहोत. यावर कुणी हसले तर आमची हरकत नाही. मात्र हा बैल शेवटी मजुरीच्याच दाराशी येऊन उभा राहतो की नाही, एवढे पाहावे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघून गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. कामगार दिनाचीच ही तारीख, म्हणून आम्हांला तिचे विशेष कौतुक. जिल्हा धानाचा, तळ्याबोड्यांचा आणि जंगलाचा. उन्हाळ्यात याच जंगलात तेंदूपान तोडले जाते आणि त्या पानाने इथल्या कित्येक घरांची घडण बदलून टाकली. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कापायचे, त्यात तंबाखू भरून वळायचे, तोंड मोडायचे आणि दोरा बांधायचा. या कामाला यंत्र लागत नाही. मांडीवर सूप असले की भागते. म्हणून कारखाना घरात आला. तो आला तेव्हा घराच्या वेळा त्याने विचारल्या नाहीत.

कारखान्याला निदान भोंगा असतो. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याने कारखान्याच्या जागेत दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. घरी विडी वळणारी बाईही त्या कायद्याने कामगार ठरली, ही मोठीच गोष्ट झाली. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. परंतु घरात भोंगा कोण वाजवणार? मजुरी हजारावर मिळते, तासावर नव्हे. त्यामुळे चुलीवर भात रटरटत असताना, पोर मांडीशी रडत असताना, शेजारीण बोलायला आली असतानाही हात चालूच राहतात. ज्या हातांना दिवसभर विसावा नाही, त्या हातांनी केलेले काहीच घरात राहत नाही, हे या घरांचे खरे दुःख.

आमची आई विड्या वळत असे. आमचे शिक्षण चौथीपर्यंत; पुढचे जे काही ते वाचनालयात आणि सभांतून झाले. परंतु श्रमाविषयीचा पहिला धडा आम्हांला मिळाला तो तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणी अमावास्येला मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. पोरे आपापले छोटे बैल सजवून रांगेत उभी करतात, मग घरोघर फिरवतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. त्या वर्षी आमच्याजवळ बैल नव्हता आणि विकत घेण्याइतके पैसेही नव्हते. पोळ्याच्या चार दिवस आधी आईने दिवेलागणीला सूप बाजूला ठेवले, बोडीकाठची काळी माती आणवली आणि बैल करायला बसली.

तिची रीत आजही उपयोगाची आहे. नुसती चिकणमाती वाळताना आक्रसते आणि तडकते, म्हणून तिच्यात धानाचे तूस मिसळायचे. तूस मातीला धरून ठेवते. एक वीत लांबीचा गोळा करून त्यातूनच पाय ओढून काढायचे. वेगळे चिकटवलेले पाय गळून पडतात. वशिंड अंगठ्याने वर उचलायचे. शिंगांना बांबूच्या काड्या आणि डोळ्यांना गुंजा, त्या माती ओली असतानाच खोचायच्या. श्रावणात ऊन कुठले? म्हणून बैल चुलीजवळच्या कोमट राखेवर ठेवायचा आणि दर प्रहरी कूस बदलायची. घाईने निखाऱ्याजवळ नेला तर फुटलाच. लाकडाचा करायचा असेल तर पांगाऱ्याचे मऊ लाकूड कोरायला सोपे, सागाचे टिकायला चांगले. वरून जवसाचे तेल चोळावे. ते हवेत हळूहळू सुकून पापुद्रा धरते. शेंगदाण्याचे तेल मात्र चिकटच राहते.

आमच्या बैलाला चाके नव्हती, म्हणून आम्ही त्याला पाटावर ठेवून मिरवला. रांगेतल्या रंगीत लाकडी बैलांपुढे तो काळाभोर आणि किंचित तिरपा दिसत होता. तरी ‘हा माझ्या मायनं केला’ असे सांगताना आमची छाती फुगली होती. ही गोष्ट आम्ही अनेकदा कौतुकाने सांगत आलो. तिचा उरलेला अर्धा भाग कळायला मात्र वीस वर्षे लागली. त्या संध्याकाळी आईच्या दोनशे विड्या कमी झाल्या होत्या. त्या भरून काढायला पुढच्या दोन रात्री ती कंदिलापुढे बसली. बैलाला माती फुकट मिळाली, वेळ फुकट मिळाला नव्हता.

हे ध्यानात ठेवून आता बाकीच्या दोन गोष्टी ऐकाव्या. पळस फुलण्याच्या ऋतूत जंगल पळसाने पेटल्यासारखे दिसते. खाली पडलेली फुले सावलीत वाळवून ठेवावी. ती रात्रभर भिजवून सकाळी उकळली आणि गाळली की होळीचा पिवळा-केशरी रंग तयार. चिमूटभर चुना घातला तर तो अधिक गडद होतो, परंतु तसला रंग कापडापुरताच ठेवावा. डोळ्याला व कातडीला चुना वाईट. पळसाची पाने जाड व रुंद असल्याने ओला पदार्थही धरून ठेवतात. ताजी पाने बांबूच्या बारीक काड्यांनी एकमेकांत टाचून, वजनाखाली दाबून वाळवली की पत्रावळ सपाट राहते. पोरे अर्ध्या तासात शिकतात. घरातल्या चौघांनी अंगणात बसून आपापली पत्रावळ लावावी आणि तीवरच जेवावे. त्या जेवणात पदार्थ नेहमीचाच असतो, तरी चार घास जास्त जातात, हा आमचा अनुभव आहे.

काही शहाणे लोक म्हणतील, ‘पाहा, गरिबाला सुख किती स्वस्तात मिळते! मग मजुरीवाढ कशाला?’ त्यांना आमचे उत्तर असे की, या सुखाला पैसा थोडा लागतो, पण मोकळी संध्याकाळ लागते; आणि हजारामागची मजुरी जितकी कमी, तितकी संध्याकाळ आखूड. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ती नुसती झोपण्यासाठी मागितलेली नव्हती. माणसाने स्वतःच्या घरात स्वतःचा म्हणून एक दिवस घालवावा, यासाठीही ती होती. घरखेपेच्या कामगाराला हा दिवस कुणी मोजून दिला नाही. तो रास्त दरातूनच निघायचा आहे.

आणि आमच्या पुरुष बांधवांना एक शब्द. घरची हौस म्हणून बाईच्या पाठीवर आणखी एक काम लादू नका. ती विड्या वळते, भात शिजवते आणि वर बैलही तिनेच करायचा, हा न्याय नव्हे. माती तुम्ही मळा, फुले पोरांना वेचू द्या, आणि तिला घटकाभर नुसते बसून बघू द्या. आमच्या आईला ते बसणे कधी लाभले नाही.

कुठेही जा, पळसाला पाने तीनच, असे म्हणतात. श्रमिकाच्या दिवसालाही तीनच पाने असावीत: एक कामाचे, एक विश्रांतीचे, एक आपल्या घरचे. पहिले पान बाकीच्या दोहोंना खाऊन टाकू लागले की संघटना उभी करावी लागते. येत्या तान्ह्या पोळ्याला आपल्या घरी एक तिरपा का होईना, पण घरचा बैल उभा राहो. आणि त्यासाठी कुणाला दोन रात्री कंदिलापुढे बसावे न लागो, एवढेच आमचे मागणे आहे.