जोखमीच्या बाळंतपणाची नोंद



या पानावर एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याचा मजकूर असतो. या खेपेस विषय वेगळा आहे. आपल्या शेतकी विभागात कोणाचा ऊस कोणत्या तारखेला लागला, जात कोणती, तोडीला कधी येणार, हे सगळे नोंदवहीत असते. सभासदालाही ते तोंडपाठ असते. पण घरच्या सुनेला कितवा महिना, तिचा रक्तदाब किती, असे विचारले की कर्ता माणूस "ते बायकांचं काम" म्हणून मोकळा होतो. तेव्हा हा लेख मुद्दाम पुरुष सभासदांनी वाचावा.

बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात. काही बायका मात्र जोखमीच्या असतात. वय अठराच्या आत किंवा पस्तिशीच्या पुढे, मागचे सिझेरियन, मागचे मूल दगावलेले, पोटात जुळे, मूल आडवे, साखर वाढलेली, हिमोग्लोबिन सातच्या खाली, अशी ही कारणे. आपल्या विदर्भात त्यात सिकलसेलची भर आहे. आणि सगळ्यांत फसवा तो रक्तदाब.

रक्तदाब फसवा अशासाठी, की तो दुखत नाही. बाई कामाला जाते, भाकरी थापते, हसते-बोलते. यंत्र लावले तरच १४०/९० किंवा त्याच्या वर गेलेला कळतो. पुढे तोंडावर-हातावर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि मग झटके. झटके आले की घरात अंगारा-धुपारा सुरू होतो आणि तास जातो. हे बाहेरचे काही नसते, रक्तदाबाचा आजार असतो. त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे. त्याचा पहिला डोस देऊन बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची मुभा सरकारी नियमाने उपकेंद्राच्या सिस्टरलाही आहे.

ही सिस्टर म्हणजे कागदोपत्री सहायक परिचारिका प्रसाविका. आपण तिला लस टोचणारी बाई समजतो, पण नावातच प्रसाविका आहे. पोटावर हात ठेवून मूल कसे आहे ते पाहणे, ठोके ऐकणे, लघवीतली प्रथिने तपासणे, वजन-रक्तदाब लिहिणे हे तिचे शिक्षण. जोखमीची बाई डॉक्टरकडे पाठवली म्हणजे सिस्टरचे काम संपले, असेही नाही. गोळ्या घेते का, तारखेला गेली का, घरी आल्यावर रक्तस्राव किंवा ताप आहे का, हे बाळंतपणानंतर ४२ दिवस कोणीतरी बघावेच लागते. डॉक्टर आपल्या वाडीवर येणार नाही, सिस्टर आणि आशाताई येतात. केंद्र सरकारने २०१८ साली प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत परिचारिकांना दीड वर्षाचे जादा शिक्षण ठरवले आहे.

गावच्या बाईला हे जमेल का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी जामखेडकडे पाहावे. नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर) हा दुष्काळी तालुका, तिथूनही कोयते बाहेर पडतात. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तिथे काम उभारले. गावांनी बायका निवडून दिल्या. पुष्कळ जणी निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या. त्या नेमाने जामखेडला जाऊन शिकत आणि परत येऊन गावातल्या दाईला बरोबर घेत. नाळ कापायला स्वच्छ पाते वापरायचे आणि कोणती बाई घरी बाळंत होऊ द्यायची नाही, हे त्या ओळखू लागल्या. अक्षर न येणाऱ्या बाईने सूज ओळखायची आणि शिकलेल्या सासऱ्याने गाडी काढायला नकार द्यायचा, असे अजून कुठे घडत असेल तर लाज कोणाची? १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडची एक अडचण. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून सून रिसोडहून मानोऱ्याला जाते. सहा महिने जिने तपासले ती सिस्टर इकडे आणि बाळंतपण तिकडे. जोखीम तर शेवटच्या दोन महिन्यांत वाढते. रीत मोडा असे मी म्हणत नाही. पण साडी-चोळीबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड जाते की नाही ते बघा. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण असते. ते कार्ड माहेरच्या उपकेंद्रात पहिल्या आठवड्यातच दाखवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. ही योजना २०१६ पासून आहे. दोन्हीकडच्या व्याह्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

रक्ताचेही असेच. बाळंतपणानंतर रक्तस्राव आवरला नाही, तर सुमारे दोन तासांत बाई हाताची जाऊ शकते. वाशिमहून अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ८० किलोमीटर. म्हणजे गाडी, सोबतचा माणूस आणि त्याच रक्तगटाचे दोन रक्तदाते आठव्या महिन्यातच ठरलेले हवेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि १०२ ची गाडी २०११ च्या योजनेप्रमाणे मोफत आहे. जाता जाता, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला आपण एकाच दिवशी रक्तदानाचे विक्रम करतो. रक्त टिकते ३५ ते ४२ दिवस. तीच शिबिरे वर्षभर वाटून घेतली तर उन्हाळ्यात एखाद्या बाळंतिणीला बाटली मिळेल.

रक्तवाढीच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस घ्याव्यात. चहाबरोबर घेऊ नयेत, लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

राहिला प्रश्न आपल्या फडातल्या बायकांचा. ज्या बाईची शेवटची पाळी फेब्रुवारी ते जून या महिन्यांतली, तिचे दिवस नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीस, म्हणजे ऐन हंगामात भरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल दोघांच्या नावावर. ती बसली की खाडा. म्हणून ती नवव्या महिन्यातही मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढते. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरून बाहेर जाणाऱ्या लेकीबाळींचेही हेच.

माझी सूचना साधी आहे. टोळी उतरली की चिटबॉयने माणसे आणि बैलगाड्या मोजताना गरोदर बाई किती, कितवा महिना, कार्ड आहे का, हेही विचारून गट कार्यालयात लिहावे. ती यादी त्याच आठवड्यात जवळच्या उपकेंद्राला द्यावी. परगावची म्हणून तिला तिथे नाकारता येत नाही. ज्या सभासदाच्या फडात लाल खुणेची बाई असेल, त्याने मुकादमाला बोलावून तिचा खाडा धरू नये असे ठरवून घ्यावे आणि ९ तारखेला तिला दवाखान्यात पोचवण्याची सोय करावी.